ओरखडे पाण्याने नव्हे, कोरड्या फडक्याने पडतात

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये दसऱ्याच्या आदल्या दिवसाचे चित्र वर्षानुवर्षे फारसे बदललेले नाही. सोयाबीनची काढणी सुरू असते. मळणी यंत्रातून उडणारे कुटार आणि शेतरस्त्याची धूळ गावावर बसलेली असते. त्याच धुळीखाली दारातल्या मोटारी, जीप, ट्रॅक्टर आणि दुचाक्या उभ्या असतात. दुसऱ्या दिवशी वाहनाची पूजा करायची म्हणून सकाळपासून बादल्या बाहेर निघतात. कुणाच्या हातात जुन्या बनियनचे फडके असते, कुणाच्या खांद्यावरचा गमछाच कामाला लागतो. पण बहुतेक घरांत गाडीवर पहिल्यांदा पाणी पडत नाही, फडके फिरते. ‘आधी वरची धूळ झटकून घे, मग धू,’ अशी घरातल्या थोरल्यांची सूचना असते आणि धाकटा ती मन लावून पाळतो.

संध्याकाळी गाडी चकाचक दिसते. दसऱ्याच्या सकाळी कोवळे ऊन बोनेटवर पडते आणि काळ्या, निळ्या किंवा मरून रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटलेल्या दिसतात. मग कारणांचा शोध सुरू होतो. ‘हल्ली कंपन्या रंगच हलका लावतात,’ असे कुणी म्हणतो. कुणी बोअरच्या पाण्याला बोल लावतो, कुणी शाम्पूला. यातले बोअरचे पाणी डाग पाडते हे खरे आहे. पण रेघा ओढण्याचे काम पाणी करत नाही आणि शाम्पूही करत नाही. त्या रेघा सकाळच्या पहिल्या कोरड्या फडक्याने ओढलेल्या असतात.

गाडी हा काही आरोग्याचा विषय नाही, असे वाटणे साहजिक आहे. परंतु हीच सवय गाडीच्या समोरच्या काचेवर, हेल्मेटच्या काचेवर आणि चष्म्यावरही चालते. तिथे प्रश्न चमकेचा राहत नाही, रात्री रस्ता दिसण्याचा होतो. शिवाय गाडी धुताना वापरले जाणारे पाणी, सोडा आणि डिझेल यांचा संबंध थेट माणसांशी आहे. म्हणून ही साधी वाटणारी गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे आणि सवय बदललीही पाहिजे.

कागदापेक्षा पातळ थर

गाडीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. सर्वांत खाली गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर डोळ्यांना दिसणारा रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर, ज्याला ‘क्लिअर कोट’ म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यातला वरचा पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. वर्तमानपत्राचा कागद साधारण ६० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीची सगळी चमक आणि उन्हापासूनचे संरक्षण या कागदाहूनही पातळ अशा एका थरावर अवलंबून आहे.

जुन्या ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीची गोष्ट वेगळी होती. त्या गाड्यांना रंगावर वेगळा पारदर्शक थर नसायचा. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा, ही आठवण अनेक जुन्या चालकांना असेल. खालचा रंग वर यायचा आणि गाडी पुन्हा नवी दिसायची. आजच्या गाडीवर फडक्याला रंग लागत नाही, म्हणून काही झिजत नाही असा समज होतो. प्रत्यक्षात झिजतो तो पारदर्शक थर आणि तो झिजताना दिसत नाही.

गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करून रेघा घालवता येतात हे खरे. पण त्या भरून निघत नाहीत. रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो, म्हणून रेघ दिसेनाशी होते. हा थर पुन्हा वाढत नाही. दर दसऱ्याला रेघा ओढायच्या आणि दर पाडव्याला त्या घासून काढायच्या, असा क्रम ठेवला तर काही वर्षांत टप आणि बोनेटवरचा थर उन्हापुढे टिकत नाही. रंग आधी पांढुरका पडतो, मग त्याचे पापुद्रे निघू लागतात. विदर्भाच्या उन्हात उभ्या असलेल्या अनेक जुन्या गाड्यांच्या टपांवर हे पाहायला मिळते.

काळ्या मातीतले कठीण कण

अनसिंगच्या शिवारातली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टपासून तयार झाली. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला होता. या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक आणि मऊ असतात. निव्वळ चिकणमाती असती तर रंगाला तिचा फारसा धाक नव्हता.

पण गाडीवर बसणारी धूळ निव्वळ चिकणमातीची नसते. तिच्यात न झिजलेल्या पाषाणाचे बारीक कण असतात. खडी फोडणाऱ्या क्रशरची आणि रस्त्याच्या कामाची भुकटी असते, नदीची वाळू असते, गारगोटीचा चुराही असतो. फ्रीडरिख मोस या खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची एक ते दहा अशी मोजपट्टी मांडली. तिच्यावर माणसाचे नख अडीचच्या आसपास येते, काच साडेपाचच्या, बेसॉल्टमधली प्रमुख खनिजे पाच ते साडेसहाच्या दरम्यान आणि गारगोटी किंवा वाळूतले क्वार्ट्झ सातवर. गाडीचा पारदर्शक थर हा एक प्रकारचे प्लॅस्टिकच आहे. जो कण काचेवर रेघ ओढू शकतो, त्याच्यापुढे या थराचा निभाव लागत नाही. क्रशरच्या भुकटीत तर ताजे फुटलेले, धारदार कडांचे कण असतात.

धूळ नुसती बसून राहिली तर ती रंग खरवडत नाही. खरवडण्यासाठी दोन गोष्टी लागतात, दाब आणि घसरण. कोरडे फडके त्या दोन्ही पुरवते. हाताचा दाब कणाला रंगावर टेकवतो आणि फडक्याची हालचाल त्याला ओढत नेते. सुताराकडचा पॉलिश पेपर याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, की पॉलिश पेपरवर वाळू आधीच चिकटवलेली असते आणि इथे ती फडक्याखाली आयती मिळते.

बाजारात मिळणारी लांब केसांची झटकणी किंवा मऊ ब्रशही यातून सुटत नाही. अगदी हलकी धूळ असेल आणि दाब अजिबात दिला नाही तर त्याने नुकसान कमी होते, एवढेच. रोज सकाळी त्याच झटकणीने तीच गाडी झटकली जाते, झटकणी मात्र महिनोन्‌महिने धुतली जात नाही. मग तिच्यात साठलेली वाळूच गाडीवर फिरत राहते.

रेघा गोल का दिसतात

गाडी उन्हात उभी केली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल-गोल रेघांचे जाळे दिसते. त्यावरून फडके गोल फिरवल्यामुळे असे होते, असा निष्कर्ष काढला जातो आणि ‘सरळ पुसा, गोल पुसू नका’ असा सल्ला दिला जातो. हा सल्ला अर्धाच खरा आहे.

घरातले जुने स्टीलचे ताट दिव्याखाली धरून पाहावे. त्यावर सगळ्या दिशांनी घासल्याच्या रेघा असतात, तरी दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती त्या वर्तुळाकारच दिसतात. ताट थोडे सरकवले की ती वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकतात. याचे कारण प्रकाशात आहे. ज्या रेघा प्रकाशाला विशिष्ट कोनात आडव्या येतात, तेवढ्याच डोळ्यांकडे प्रकाश परतवतात. बाकीच्या तिथेच असतात, पण चमकत नाहीत. म्हणून वेड्यावाकड्या ओढलेल्या रेघाही गोल जाळ्यासारख्या भासतात.

सरळ पुसल्याने रेघा एकाच दिशेने पडतात आणि ठरावीक बाजूनेच दिसतात, इतकाच त्याचा फायदा. रेघा पडायच्या त्या पडतातच. पांढऱ्या गाडीवर त्या दिसत नाहीत, याचाही अर्थ त्या नाहीत असा होत नाही. पांढरा रंग सगळीकडे इतका प्रकाश पसरवतो की बारीक रेघेची चमक त्यात हरवून जाते. गडद गाडी ती लपवू शकत नाही, एवढेच.

बैल धुणाऱ्याला हे ठाऊक आहे

या सगळ्यावरचा उपाय परदेशी पुस्तकात शोधायला जाण्याची गरज नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, बैल धुणारा शेतकरी काय करतो ते आठवावे. तो बैलाला आधी पाण्यात उभा करतो, अंगावर पाणी घालतो, वाळलेला चिखल भिजू देतो आणि मग हात फिरवतो. कोरडा चिखल ओरबाडून काढला तर जनावराचे अंग सोलते, हे त्याला सांगावे लागत नाही. काळ्या मातीचे वाळलेले ढेकूळही पाण्यात टाकले की काही वेळात आपोआप विरघळते. गाडीवर वाळलेला चिखल त्याच मातीचा असतो आणि त्याच नियमाने सुटतो. ज्याला बैल धुता येतो त्याला गाडी धुता यायला हवी. फक्त गाडीला चामडी नाही, असे समजून तिच्याशी वागले जाते.

तर क्रम असा असावा. गाडी सावलीत उभी करावी आणि बोनेट हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी वाळून डाग बसतात. चाके आधी, वेगळ्या फडक्याने किंवा ब्रशने धुवावीत. चाकांवर ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची काळी भुकटी असते. चाकांचे फडके चुकूनही दरवाजाला लावू नये.

मग गाडीला हात न लावता टपापासून खालपर्यंत पाणी सोडावे आणि चार-पाच मिनिटे थांबावे. चिखल जास्त असेल तर पुन्हा एकदा पाणी सोडावे. या थांबण्यातच निम्मे काम होते. पक्ष्यांची विष्ठा वाळलेली असेल तर नखाने किंवा काडीने खरवडू नये. ती आम्लधर्मी असते आणि तिच्यात बियाही असतात. त्यावर ओले फडके काही मिनिटे ठेवून ती मऊ करावी आणि उचलून घ्यावी.

यानंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शाम्पू मिसळलेले पाणी, दुसरीत साधे पाणी. फडके शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग ते साध्या पाण्यात खळबळून पिळावे आणि त्यानंतरच पुन्हा शाम्पूत बुडवावे. वाळू साध्या पाण्याच्या बादलीत राहते, शाम्पूत परत जात नाही. बादलीच्या तळाशी भाजीची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली उपडी ठेवली तर तळाला बसलेली वाळू फडक्याला पुन्हा लागत नाही. एकाच बादलीत गाडी धुतली की अर्ध्या कामानंतर ते पाणी गढूळ होते. पुढचे दरवाजे मग मागच्या दरवाजांच्या वाळूने घासले जातात.

शाम्पूचे काम फक्त फेस करणे नाही. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलकट मळाकडे. असे अनेक रेणू मळाच्या कणाला वेढून उचलतात. शिवाय फेसाळ पाणी फडके आणि रंग यांच्यामध्ये वंगणासारखे राहते, त्यामुळे कण घासण्याऐवजी घरंगळतो.

फडके कसे असावे, याचे उत्तरही कणाच्या दृष्टीने शोधावे. बनियन किंवा सपाट विणीच्या कापडात कणाला आत शिरायला जागा नसते. तो कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकून राहतो. जाड, केसाळ मायक्रोफायबरच्या धाग्यांमध्ये तो आत ओढला जातो. शिवण, बटण किंवा लेबल असलेले कापड तर वापरूच नये. हात हलका ठेवावा, फडक्याच्या वजनापलीकडे दाब देऊ नये. टप, काचा, बोनेट, दरवाजांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा पट्टा, असे वरून खाली यावे. सर्वांत जास्त वाळू खालीच असते. फडके हातातून जमिनीवर पडले तर ते बाजूला ठेवावे. पडलेल्या फडक्याने काम पुढे रेटण्याची घाई सर्वांत महाग पडते.

शेवटी पुन्हा पाणी सोडावे आणि दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरने गाडी टिपून घ्यावी. अंगावर लेप दाबावा तसे फडके पसरून दाबावे आणि उचलावे. फडकी धुतल्यावर दोरीवर वाळत घालावीत. कुंपणावर किंवा जमिनीवर घातली तर कुसळे आणि वाळू घेऊनच ती पुढच्या आठवड्यात गाडीवर येतात.

आणि दसऱ्याच्या पूजेला हरकत कसली? फक्त ओल्या कुंकवाचे स्वस्तिक धुळीवर बोट घासून काढण्यापेक्षा धुतलेल्या जागी काढावे. हार तारेने बांधला असेल तर तार रंगाला लागणार नाही असे पाहावे. झेंडूचा ओला हार तीन-तीन दिवस बोनेटवर कुजू देऊ नये. पूजेनंतर कुंकू पाण्याने भिजवून काढावे, कोरडे पुसू नये.

पाण्याचा हिशेब

इथे एक रास्त आक्षेप येतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तिथे गाडीला आधी भिजवा, मग धुवा, मग पुन्हा पाणी सोडा, असा सल्ला देणे कितपत योग्य?

हिशेब करून पाहावा. नळीतून मिनिटाला १० ते १२ लिटर पाणी सहज वाहते. नळी चालू ठेवून वीस मिनिटे गाडी धुतली तर २०० लिटरपेक्षा जास्त पाणी जाते. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका गाडीच्या एका आंघोळीत चार माणसांचे दिवसभराचे पाणी संपते. दुसरीकडे रोज सकाळी एक बादली, साधारण १५ लिटर पाणी आणि फडके, अशी सवय असेल तर आठवड्याला १०५ लिटर लागतात आणि गाडी सात वेळा खरवडली जाते. वर सांगितलेल्या पद्धतीत भिजवायला १०, दोन बादल्यांत मिळून २०, शेवटी १५, असे ४५ लिटरच्या आसपास पाणी पुरते. आठवड्यातून एकदा, तेही गरज असेल तर. रंगाला जे सोसते तेच पाण्यालाही परवडते.

यातही बचत करता येते. घरातल्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी गाडी पहिल्यांदा भिजवायला आणि चाके धुवायला चालते. शेवटच्या धुण्याला मात्र ते वापरू नये, कारण त्यात क्षार जास्त असतात. बोअरच्या पाण्याचेही तेच. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी उडून गेल्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात मागे राहतात. असे पाणी वापरल्यावर गाडी उन्हात वाळू न देता लगेच टिपून घेतली तर ठिपके पडत नाहीत. पावसाळ्यात पन्हाळीखाली साठवलेले पाणी क्षारमुक्त असते, शेवटच्या धुण्याला त्याहून चांगले पाणी नाही. फक्त ते झाकून ठेवावे, नाहीतर त्यात डासांची पैदास होते. टंचाईच्या दिवसांत तर गाडी न धुणेच उत्तम. काचा, दिवे आणि नंबरप्लेट भिजवून स्वच्छ ठेवल्या की पुरे. बसलेली धूळ पुढच्या पावसापर्यंत थांबू शकते.

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासाठी वापरण्यावर बंदी घातली आणि ५ हजार रुपये दंड ठरवला. श्रीमंत महानगरावर ही वेळ येऊ शकते, तर कोरडवाहू तालुक्यांनी दंडाची वाट पाहू नये. ग्रामपंचायतींनी रस्त्यालगतच्या वॉशिंग सेंटरना परवानगी देताना गाळ बसण्याची टाकी आणि तेल वेगळे करण्याची सोय आहे का, एवढे तरी विचारावे. प्रेशर पंपाला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. घरगुती पंप मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर पाणी घेतो आणि हात न लावता वाळू सोडवतो. नाल्यात किंवा तलावात गाडी उतरवून धुण्याची पद्धत मात्र बंद झाली पाहिजे. त्याच पाण्यावर पुढे गुरे येतात.

हात, डोळे आणि फवारणीचा पंप

गाडी धुण्यात माणसाच्या आरोग्याचे तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींकडे दुर्लक्ष होते.

पहिला हातांचा. शाम्पू महाग वाटतो म्हणून कपड्यांची पावडर वापरली जाते. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, ती तेलकटपणा ओढून घेण्यासाठीच बनवलेली असते. गाडीवरचे मेण ती काढून टाकते आणि तेच ती हातांच्या त्वचेचेही करते. त्वचेवरचे नैसर्गिक तेल गेले की हात कोरडे पडतात, भेगा पडतात, खाज सुटते. शहरात पहाटे दहा-पंधरा गाड्या पुसणाऱ्यांना आणि वॉशिंग सेंटरवरच्या पोरांना हा त्रास रोजचा असतो. चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचे बोळे फिरवणे त्याहून वाईट. त्याने त्वचा जळजळते, रबर फुगते, आगीचा धोका असतो. शिवाय तेलकट थरावर दुसऱ्या दिवशी दुप्पट धूळ बसते. गाडी धुणाऱ्याला रबरी हातमोजे देणे हा उपकार नाही, तो कामाचा भाग आहे.

दुसरा प्रश्न फवारणी पंपाचा आहे आणि तो खास या भागाचा आहे. बारीक फवाऱ्याने गाडी छान भिजते, म्हणून शेतातला पाठीवरचा पंपच गाडीसाठी काढला जातो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कीटकनाशकांच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ती औषधे ज्या पंपातून फवारली जातात तो कितीही विसळला तरी नळीत आणि नोझलमध्ये अंश राहू शकतो. तो अंश दरवाजाच्या मुठीवर बसतो आणि तीच मूठ शाळेत निघालेले मूल धरते. फवाराच हवा असेल तर बागेसाठी मिळणारा पाच लिटरचा नवा, छोटा पंप घ्यावा आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘फक्त पाणी’ असे लिहून तो शेतात नेऊ नये.

तिसरा प्रश्न डोळ्यांचा. काचेवर धूळ असताना कोरडे वायपर फिरवले की क्वार्ट्झचा कण काचेवरही रेघ ओढतो. दिवसा ती दिसत नाही. रात्री समोरून ट्रकचे दिवे आले की प्रत्येक रेघ प्रकाश फोडते आणि काचभर किरणांचा पसारा उठतो. त्या दोन-तीन सेकंदांत रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस किंवा दिवा नसलेली बैलगाडी दिसत नाही. हेल्मेटची काच तर काच नसतेच, प्लॅस्टिक असते आणि बहुतेक वेळा शर्टाच्या बाहीने पुसली जाते. उतारवयात मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या चालकाला हा पसारा आणखी जाणवतो आणि तो दोष डोळ्यांना देत राहतो. म्हणून वायपर फिरवण्याआधी काचेवर पाणी मारावे, वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. हेल्मेटची काच आणि चष्मा आधी पाण्याखाली धरावा आणि नंतरच मऊ कापडाने टिपावा. शेतातल्या सौरपंपाच्या पॅनेललाही हाच नियम लागू आहे.

‘एवढे कोण करणार?’

सकाळची घाई आहे, कामावर जायचे आहे, दोन बादल्या आणि चार फडकी कुठे सांभाळायची, असे कुणीही म्हणेल. त्याला साधे उत्तर आहे. वेळ नसेल तर धुळीची गाडी तशीच न्यावी. धुळीने माखलेली गाडी अस्वच्छ दिसते, पण तिचा रंग सुरक्षित असतो. घाईत पुसलेली गाडी स्वच्छ दिसते आणि झिजते. या दोनपैकी पहिली निवडण्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

अडचण तिथेच आहे. दारातली चकाकती गाडी ही घराची पत समजली जाते, म्हणून रोज फडके फिरते. शहरांमध्ये तर ‘रोज पुसण्याचे’ पैसे महिन्यावर ठरतात. पुसणारा एकच बादली आणि एकच फडके घेऊन पूर्ण सोसायटी उरकतो आणि एका गाडीची वाळू दुसरीला लावत जातो. दोष त्याचा नाही. ज्याला गाडीमागे पाच मिनिटे मिळतात, त्याच्याकडून दुसरे काय होणार? गाडीमालकांनी तेवढ्याच पैशांत आठवड्यातून एकदा नीट धुण्याचे काम ठरवावे, पाणी, शाम्पू आणि फडकी स्वतः द्यावीत. कामगाराचे हात वाचतील, पाणी वाचेल आणि रंगही वाचेल. मजुरी मात्र वाचवू नये.

‘ही शेवटी गाडीच आहे, तिचे एवढे काय,’ हाही आक्षेप ऐकू येतो. ज्यांच्याकडे पाच गाड्या आहेत त्यांच्यासाठी तो खरा असेल. अनसिंगसारख्या गावात गाडी बहुधा कर्जावर येते आणि तिचे हप्ते सोयाबीन-तुरीच्या भावावर हलतात. अनेक घरांत तीच प्रवासी वाहन म्हणून रस्त्यावर धावते आणि चूल पेटवते. विकायला काढली की घेणारा पहिल्यांदा तिच्या बोनेटवरून नजर फिरवतो आणि भाव पाडतो. म्हणून तिचा रंग जपणे ही हौस नाही, ती मिळकत जपणे आहे.

येत्या दसऱ्याला बादली निघेल तेव्हा घरातल्या थोरल्यांनी एकच सूचना बदलावी. ‘आधी झटकून घे’ ऐवजी ‘आधी भिजू दे’ म्हणावे. बाकी सगळे, दोन बादल्या, मऊ फडके, हलका हात, त्यामागून येईल. माती पाण्याने सुटते, हे काळ्या रानात राहणाऱ्यांना नव्याने शिकवायला नको.